मंजुळाची ओटी

आश्रुबानं पुढं केलेल्या अक्षता कौशल्याबाईंनी घेतल्या, तेव्हा त्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं. सवयीचा हात तो. कुणी दारात येऊन कुंकवाचं बोट उचललं की कपाळ पुढं होतं, अक्षता म्हटलं की ओंजळ होते. त्यात मंगळवारची सकाळ, नळाला आठ दिवसांनी पाणी आलेलं, घरभर हंडे-घागरी मांडलेल्या आणि बाईंचं अर्धं चित्त मोरीत. आश्रुबा पायरीच्या खालीच उभा होता. टोपी धुतलेली, दाढी केलेली, हातात नारळ. "गुरुवारी हाय बाईसायब," तो म्हणाला, "आमच्या मंजुळीचं. दुसरं कुणी न्हाई आलं तरी चालंल, पर तुमी यायला पायजे." कौशल्याबाईंनी विचारलं, "कुणाचं?" त्यांना नाव ऐकू आलं होतं, तरी विचारलं. "मंजुळीचं. तुमच्या बोर्डिंगातल्या. आन् खरं सांगू का, तुमच्यामुळंच जमलं बगा हे. आमी दोघं तिकडं कोल्हापुराकडं उसाच्या फडात. पोरगी शहाणी झाली का काय, आमाला काय खबर? तुमी आईवानी तिची ओटी भरली, गोडधोड केलं. तुळजाबाईनं गावात येऊन सांगितलं, तवा कुठं धोंडीराम मुकादमाच्या टोळीतल्या पोराची सोयरीक चालून आली. लई उपकार झाले." तो वाकून पायरीला हात लावून गेला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला काहीतरी उत्तर देता येतं. मोरीतला हंडा भरून वाहू लागला होता, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि अशा दुष्काळात पाणी वाया घालवणाऱ्या बायकांना सगळ्या गल्लीत बोल लावणाऱ्या कौशल्याबाई ओंजळीतल्या तांदळाकडं बघत तशाच उभ्या होत्या.

आता कौशल्याबाई म्हणजे काही लेचीपेची बाई नव्हे. माजलगावात भगिनी सेवा मंडळाच्या चिटणीस म्हणून त्यांना अकरा वर्षं झाली होती. मोंढ्यातले आडते त्यांना बघून दुकानाच्या पायरीवरून उठायचे. मंडळात हळदीकुंकू व्हायचं, शिवणाचा वर्ग चालायचा, बाळंतिणींना खारीक-खोबरं पोचायचं, पण मंडळाचं खरं काम म्हणजे ते वसतिगृह. दिवाळी झाली की निम्मा जिल्हा ट्रकात बसून ऊस तोडायला जातो. नवराबायको मिळून एक कोयता, असे कोयते मोजून मुकादम माणसं नेतो. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना पोरं आवरत नाहीत, म्हणून पोरं बरोबर जातात आणि शाळा राहते. यावर तोड म्हणून सहकारी संघाचं जुनं गोदाम मागून घेऊन, चुना मारून, तिथं बावीस मुली ठेवायच्या, दिवाळी ते चैत्र. ज्वारी संघाची, तूरडाळ वर्गणीची. हे सगळं कौशल्याबाईंनी उभं केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, खोटं कशाला बोला. धरण नुकतंच पुरं झालं होतं, भिंत एवढी मोठी आणि पाणी तळाला. तिसरं वर्ष पावसानं दगा दिलेलं. यंदा तर ज्यांनी कधी कोयता धरला नव्हता तेही निघाले होते. शनिवारी वसतिगृह उघडायचं होतं. त्यांनी पाणी बंद केलं, अक्षता देवापुढच्या वाटीत टाकल्या, फरशी पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

बावीस मुलींतली ही एक मंजुळा, सातवीतली. चेहरा डोळ्यांपुढं यायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही. किराण्याच्या पुड्या सोडल्या की त्यांचे कागद मांडीवर घासून सरळ करायची आणि वाचायची. फाटक्या कागदावर बातमी अर्धी असायची. उरलेली ही स्वतः रचून मुलींना सांगायची, आणि अशी सांगायची की एकदा स्वयंपाकाच्या तुळजाबाईला सुद्धा ते खरं वाटून रडू आलं होतं. गेल्या माघात ती सकाळी दिसेना. तुळजाबाई कौशल्याबाईंना बोलवायला आली ती पदराआड हसत. ज्वारीच्या पोत्यांमागं मंजुळा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आपल्याला काहीतरी भयंकर रोग झालाय आणि आता आपल्याला घरी पाठवतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मरणापेक्षा शाळा सुटायची भीती जास्त. कौशल्याबाईंनी तिला आपल्या हातानं न्हाऊ घातलं, सगळं समजावलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर. पण केस पुसताना पोरीची मान त्यांच्या पोटाला टेकली, आणि त्यांना वाटलं, हिची आई कुठं कोल्हापुराकडं पाचट उचलत असेल, हिला आज गोड कोण घालणार? घरी जाऊन पेटीतला हिरवा खण काढला. मंडळातल्या पाच सवाशिणी गोळा केल्या. पाट, रांगोळी, नारळ, गहू, हळकुंड. तुळजाबाईनं रव्याचा शिरा केला, सगळ्या मुलींना वाटला. बायकांनी जुनी गाणी म्हटली. मंजुळा पाटावर अंग चोरून बसली होती. ओटीत नारळ पडला तसा तिनं विचारलं, "बाई, हे कशाचं बक्षीस?" बायका पोट धरून हसल्या. "मोठी झालीस त्याचं," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे भरून आले होते. त्या दिवशी घरी परतताना त्यांना जितकं बरं वाटलं होतं तितकं वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

बरं वाटायचं कारणही होतं. त्यांचं माहेर परळीकडचं. तेव्हा तिथं वीजकेंद्राच्या राखेच्या चिमण्या उभ्या राहायच्या होत्या, आणि राज्य निजामाचं होतं. त्यांचं न्हाण आलं ते पोलीस ॲक्शनच्या आधल्या वर्षी, तेराव्या वर्षी. वडिलांनी दारात केळीचे खुंट लावून मखर केलं होतं. गावातल्या बायका ताटं घेऊन येत होत्या, जी येई ती गालावरून हात फिरवी, आणि चार भावांच्या पाठची ती बावळट मुलगी पहिल्यांदाच सगळ्यांना दिसत होती. एरवी तिला कोण बघणार? ही हकीकत कौशल्याबाई अजून रंगवून सांगत. गुलाबपाण्याचा वास, वाजंत्री, आत्यानं आणलेल्या बिलोरी बांगड्या. हकीकत मखरापाशी संपायची. त्यानंतर दोन महिन्यांनी काय झालं ते सांगायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. रझाकारांच्या धामधुमीचे दिवस, जो तो हेच म्हणायचा की वयात आलेली पोर घरात नको. एका दुपारी बैलगाडीत बसवून तिला इकडं आणलं आणि चार माणसांत उरकून टाकलं. गाडीत वडील समोर बसले होते, आणि सबंध वाटेत त्यांनी मुलीकडं एकदाही बघितलं नाही. मंगळवारी दुपारी डाळ निवडता निवडता कौशल्याबाईंना ते मखर आठवलं आणि त्याच्यामागून ती गाडी आठवली. दोन्हीमध्ये फक्त दोन महिने होते हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बोटांवर मोजलं. सुपातली डाळ तशीच ठेवून त्या उठल्या.

मंडळाच्या अध्यक्षा सुंदरबाई, संघाच्या चेअरमनांच्या पत्नी. सगळा तालुका त्यांना वहिनी म्हणे. बाई वाईट नव्हत्या. बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची त्यांची रीत होती, आणि तो हात इतका ऊबदार असे की माणूस आपलं म्हणणं निम्मं विसरून जाई. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "वाईट वाटतं हो, वाटणारच. पण कौशल्याताई, आपण सेवा करतो. कुणाच्या घरात शिरत नाही. लग्न कुणी जमवलं?" "धोंडीराम मुकादमानं. त्याच्या टोळीतलाच मुलगा आहे, उत्तरेश्वर." "म्हणजे बघा. वीस-बावीस मुली आपल्याकडं येतात त्या मुकादमांच्या शब्दावर. धोंडीरामानं मनात आणलं तर शनिवारी तुमच्या गोदामात एक मुलगी येणार नाही. एकीसाठी एकवीस घालवायच्या का?" कौशल्याबाईंनी मनाशी ताडून बघितलं. यात खोटं काय होतं? "मंडळातर्फे एक चांगलीशी साडी पाठवू," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी हात थोपटला. "आणि ओटीचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माया केलीत." बाहेर रस्त्यावर टँकरमागं बायका घागरी घेऊन पळत होत्या. कौशल्याबाईंना कुणीतरी आपली बाजू घ्यायला हवी होती आणि आता ती घेतल्यावर त्या थोपटलेला हात पदराला पुसत चालल्या होत्या.

राधाकिशनराव, म्हणजे यजमान, संघात तोलाईवर होते. जेवताना बोलणं त्यांना आवडत नसे, तरी कौशल्याबाईंनी विषय काढला. पोलिसात जावं का, असंही विचारलं. कायदा होता, अठराच्या आत लग्न नाही, मंडळानं त्याची पत्रकं सुद्धा वाटली होती. ते म्हणाले, "जा की. फौजदार विचारील, पोरगी वयात आली हे गावभर कुणी केलं? सांग मग." घास गिळून त्यांनी शांतपणे पुढं विचारलं, "तुझं कितव्या वर्षी झालं? काय वाईट झालं तुझं?" तव्यावर भाकरी होती. वाईट काही झालं नव्हतं हे खरंच. नवरा दारू पीत नव्हता, अंगावर हात टाकत नव्हता, मुलगा औरंगाबादेत नोकरीला लागला होता. मग चांगलं काय झालं ते आठवायला कौशल्याबाई बसल्या आणि भाकरी करपली. ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. रात्रभर त्या ओटीपाशीच घोटाळत राहिल्या. खण काढलाच नसता तर. तुळजाबाईला बजावलं असतं तर, की गावात बोलू नकोस. बजावलं असतं तरी ती बोललीच असती. प्रत्येक वेळी पाट मांडला जायचा, नारळ पडायचा आणि मंजुळा विचारायची, कशाचं बक्षीस. चूक होती ती ओटीची होती आणि ओटी मायेनं भरली होती. हे म्हणताना रडू येई आणि त्या रडण्यात थोडं सुखही होतं, हे त्यांना कळत होतं, पण त्या ते कळू देत नव्हत्या.

बुधवारी सकाळी त्या तलवाड्याच्या एसटीत बसल्या. घरात चिठ्ठी ठेवली, वहिनींना निरोप नाही, साडीही नाही. तलवाड्याला उतरून पुढं वाडीपर्यंत पायी. दोन्हीकडं कापूस गुडघ्याएवढाच वाढून वाळलेला. वाडीच्या विहिरीत टँकर मोकळा होत होता आणि काठावर दोर टाकलेल्या बायका ओणव्या झाल्या होत्या. शुक्रवारी ट्रक यायचे होते, म्हणून घराघरापुढं बोचकी बांधलेली, पत्र्याचे डबे, एका खाटेला पाय बांधलेल्या चार कोंबड्या. सगळं गाव उठायच्या तयारीत आणि मधेच एका अंगणात चार काठ्यांचा मांडव. कौशल्याबाई दिसल्या तशा बायका बाजूला झाल्या. घोंगडी अंथरली गेली. "बोर्डिंगच्या बाई आल्या," असं कुजबुजणं झालं, आणि मानाच्या पाहुणीला बसवावं तसं त्यांना मांडवात मधोमध बसवलं. मंजुळाची आई चंद्रभागा कोरा चहा घेऊन आली. "दूद न्हाई बाई," ती एवढंच बोलली. हळद लागून गेली होती. मंजुळाला आणून शेजारी बसवलं. पिवळे हात, पिवळे पाय, तेच डोळे. ती वाकून नमस्कार करायला लागली तसे कौशल्याबाईंनी तिचे खांदे धरले. ते नुसते हाडांचे होते. "बाई, बोर्डिंग कवा उघडतंय?" तिनं विचारलं. "शनिवारी." मंजुळानं थोडा विचार केला. "खिडकीखालच्या जाग्याला रातचं गार वारं येतं, तिथं बारकी पोरगी नका झोपवू. माझ्या जाग्याला कुनाला बी झोपवलं तर चालंल."

सबंध वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं कौशल्याबाई विसरल्या. "आश्रुबा," त्या उठून म्हणाल्या, "हे लग्न व्हायचं नाही. तेरा वर्षांची पोर आहे. मी तिला शनिवारी वसतिगृहात घेणार आहे." मेढीला टेकून सुपारी कातरत बसलेल्या धोंडीराम मुकादमानं अडकित्ता थांबवला. कौशल्याबाईंना वाटलं आता आरडाओरडा होईल, आणि त्यासाठी त्यांनी दम धरून ठेवला होता. आश्रुबा ओरडला नाही. तो घरात गेला आणि पेटीतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत घडी घातलेला कागद. मंडळाचा शिक्का बाईंना लांबूनच ओळखू आला. "मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला, "मंजुळे, वाच गं." मंजुळानं पिवळी बोटं परकराला पुसली, कागद मांडीवर घासून सरळ केला आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ आवाजात वाचलं. मंडळाच्या नियम क्रमांक सातनुसार वयात आलेल्या मुलींना पुढील हंगामात वसतिगृहात प्रवेश देता येणार नाही. तरी पालकांनी आपल्या पाल्याची योग्य ती व्यवस्था करावी. कळावे. तिनं खालचं नावही वाचलं, हुद्द्यासकट. "चैतात आलतं हे," आश्रुबा म्हणाला. "व्यवस्था करावी म्हनलतं तुमी बाईसायब. केली."

पत्र त्यांचंच होतं. अक्षर त्यांचं, 'कळावे' लिहून खाली दोन टिंबं द्यायची खोड त्यांची. नियमही त्यांनीच लिहिला होता, दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत. कुठल्याशा गावच्या वसतिगृहात एका मुलीचं काही कमीजास्त झाल्याचं कानावर आलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, उद्या आपल्याकडं झालं तर जबाबदारी कोण घेणार, आणि पंधरा बायकांनी एकमेकींकडं बघितलं होतं, आणि कुणीच हात वर केला नव्हता, आणि कौशल्याबाईंनी नियम क्रमांक सात लिहून घेतला होता. चैत्रात त्यांनी अशी तीन पत्रं लिहिली, पाकिटं चिकटवली. हंगाम संपेपर्यंत मंजुळाला राहू दिलं हाच त्यांना आपला मोठेपणा वाटला होता. मंगळवारपासून ओटीसाठी जीव कासावीस झाला होता, झोप उडाली होती, अन्न गोड लागत नव्हतं, आणि या कागदाची एकदाही आठवण झाली नव्हती. एकदाही. ओटीचा अपराध त्यांनी उराशी धरला होता, कारण तो मायेचा होता. कौशल्याबाईंना लाज वाटली. पन्नाशी उलटलेल्या, चारचौघांत मान असलेल्या बाईला वाटू नये अशी, कान तापवणारी लाज.

"रागानं म्हनत न्हाई मी," आश्रुबा म्हणाला. "तुमाला तिची जोखीम वाटली, तर मला कावून वाटू नये? फडात कोपी आसती, उसाच्या वाढ्याची. तिला कडी न्हाई. दारच न्हाई, कडी कुटून आसंल? आमी पहाटं फडात जातो ते दिवस बुडता येतो. एकटी पोरगी मागं. ट्रकवाले येत्यात, कारखान्याचे स्लिपबॉय येत्यात, कोन कोन येतं. लगीन झालं की निदान कुनाची तरी हाय म्हनत्यात. गेल्या साली शेजारच्या कोपीत..." तो थांबला, मांडवातल्या बायांकडं बघून. चंद्रभागानं मान खाली घातली होती. "ती माझ्या घरी राहील," कौशल्याबाई म्हणाल्या. हे कुठून आलं ते त्यांना कळलं नाही. नवऱ्याला विचारलेलं नव्हतं, वहिनींना तोंड कसं दाखवायचं ते माहीत नव्हतं. "वसतिगृहात नाही. माझ्या घरी, माझ्याजवळ. शाळेत मी पोचवीन." धोंडीरामानं सुपारी तोंडात टाकली. त्याला राग आलेला दिसला नाही, हिशेब चुकल्यावर माणूस वैतागतो तेवढाच तो वैतागला. "म्हंजे माझा एक कोयता मोडला," तो म्हणाला. "जाऊ द्या. मांडव हाय, नवरदेव हाय. साखराबाईची नात हाय की पलीकडच्या आळीत, तिला बगतो." आणि त्यानं चपला घातल्या. कौशल्याबाईंनी ऐकलं. त्याला अडवायला हवं होतं, त्याच्यामागं जायला हवं होतं, साखराबाईच्या दारात सुद्धा हेच बोलायला हवं होतं. किती जणी राहतील एका घरात? त्या जागच्या हलल्या नाहीत. धोंडीराम आळीच्या वळणावरून दिसेनासा झाला.

"पाच मानसांत बोला बाईसायब," आश्रुबा म्हणाला. "तिचं काय बरंवाईट झालं तर?" मारुतीच्या पारावर पाच म्हातारे बसलेले होतेच, ट्रक भरून गेल्यावर गावात तेवढेच उरणार होते. कौशल्याबाई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. "माझा जिम्मा," त्या म्हणाल्या. मग मंजुळाचं आवरेपर्यंत त्या मांडवात बसून राहिल्या. चंद्रभागा लोटाभर पाण्यात पोरीची हळद धुवायचा प्रयत्न करत होती. पाणी संपलं आणि कानामागं, नखांत पिवळं तसंच राहिलं. त्या वेळी, मांडवात बसल्या बसल्या, कौशल्याबाईंच्या मनात एक इच्छा आली आणि ती इतकी स्पष्ट होती की त्या दचकल्या. पोरीनं नाही म्हणावं. आई सोडून येत नाही म्हणून तिनं रडावं, हातपाय आपटावेत, म्हणजे आपण प्रयत्न केला असं होईल आणि चारच्या एसटीनं एकटं परत जाता येईल. मंजुळा बाहेर आली ती दप्तर घेऊनच. "केस लई गुततात तिचे," चंद्रभागा म्हणाली. "आन् झोपंत बडबडती. भिऊ नका." तिनं मुलीला जवळ घेतलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तसाच पुढं ढकलला.

एसटी भरलेली होती. दोघींना मधल्या बाकावर जागा मिळाली. मंजुळाला त्यांनी आत बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसल्या. मग मागच्या बाकावर कोण आहे ते वळून पाहिलं. दोन कॉलेजातली पोरं. काही न करता बसली होती. कौशल्याबाईंनी आजवर एसटीनं कितीतरी प्रवास केला असेल, पण माणसांचे हात असे कधी पाहिले नव्हते. दांडीला धरलेले, मांडीवर पडलेले, तंबाखू चोळणारे. कंडक्टर आला आणि "काय गं पोरी, शाळंत चाललीस व्हय?" म्हणत त्यानं मंजुळाच्या डोक्यावर टपली मारली. पिकल्या मिशांचा भला माणूस दिसत होता. कौशल्याबाईंनी तिचं डोकं आपल्याकडं ओढून घेतलं, तसा तो जरा खजील होऊन पुढं गेला. घरी दूधवाला येतो, थेट चुलीपर्यंत. यजमानांचा पुतण्या महिन्यातून आठ दिवस राहायला असतो, बाहेरच्या खोलीत निजतो. गच्चीच्या दाराची कडी उन्हाळ्यापासून निघालेली आहे. शाळेच्या वाटेवर गॅरेज आहे, तिथं पोरं उभी असतात. त्यांचं हे असं सुरू झालं आणि थांबेना. सहा महिने म्हणजे चैत्र. चैत्रानंतर आई-बाप येतील, पण पुन्हा दिवाळी. आठवी, नववी. अठरा व्हायला पाच वर्षं. पाच वर्षं रोज संध्याकाळी ती दारातून आत येईपर्यंत वाट बघायची. आणि अशा वेळी अगदी शहाण्यासुरत्या आवाजात, जसा त्या मंडळाच्या बैठकीत लावत, त्यांच्याच मनात कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा एखादं चांगलं घर बघून ठेवलं तर. घाई नाही. नोकरीवाला मुलगा, शिकू देणारी माणसं, नुसता शब्द ठेवायचा.

कौशल्याबाईंनी मान झटकली. शेजारी मंजुळा खिडकीच्या गजांना गाल लावून बाहेर बघत होती, वाऱ्यानं परकर गुडघ्यापर्यंत सरकला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. बाईंनी तो खाली ओढला. पुढच्या थांब्यावर सात-आठ बाप्ये चढले. बाईंनी पिशवीतली शाल काढली, उलगडली आणि पोरीला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, टोक तिच्या पाठीमागं खोचलं. कार्तिकातलं ऊन अजून पत्र्यावर तापत होतं. "उकडतंय बाई," मंजुळा म्हणाली आणि शाल काढून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली. कौशल्याबाईंनी ती पुन्हा उचलली. मग तशीच मांडीवर ठेवली, आणि माजलगाव येईपर्यंत आपले दोन्ही हात त्या शालीखाली दाबून धरले.